परदेशातून मागवलेली वस्तू नाशिकला पोहोचेपर्यंत एकूण किती खर्च येतो?

प्रश्न — द्राक्ष उत्पादक, निफाड तालुका

नमस्कार. माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मणी विरळणीसाठी जपानी बनावटीच्या, बारीक व टोकदार पात्यांच्या दोन कात्र्या आणि बागेत उभ्या उभ्याच घडाची गोडी मोजता यावी म्हणून खिशात मावणारा एक डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर मागवण्याचा माझा विचार आहे. जपानमधील एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावर दोन्ही कात्र्या मिळून सुमारे २,५०० रुपये आणि रिफ्रॅक्टोमीटर सुमारे ६,५०० रुपये, असा एकूण ९,००० रुपयांचा माल होतो. विमानमार्गे कुरिअरने पाठवण्याचे ३,२०० रुपये वेगळे आहेत. त्याखाली लहान अक्षरांत "आयात कर व शुल्क यांत धरलेले नाही, ते ग्राहकाने आपल्या देशात भरावे" असे लिहिले आहे.

माझी अडचण त्या ओळीपाशीच आहे. कर फक्त ९,००० रुपयांवर लागतो की पाठवणीच्या खर्चावरही लागतो, हे मला स्पष्ट होत नाही. जुन्या चर्चांमध्ये कोणी ४२ टक्के सांगतो, तर कोणी ठरावीक रकमेच्या आतील वस्तू करमुक्त असते असे सांगतो. विक्रेत्याला विचारले असता त्याने पार्सलवर "भेटवस्तू" असे लिहून देण्याची तयारी दाखवली. हंगामाचे पैसे मोजूनमापून खर्च करावे लागतात. म्हणून खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी एकूण आकडा हाती असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. पोस्टाने मागवणे स्वस्त पडते का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ — आयात-निर्यात कागदपत्रांचे काम करणारा, अंबड

भाऊ, आपण हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारला, हे फार बरे केले. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक पार्सल मुंबईत अडकल्यावर येतात आणि तेव्हा हाती फारसे काही उरलेले नसते.

सीमाशुल्क कायदा, १९६२ याच्या कलम १४ नुसार आणि २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर आकारले जात नाही. किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्ही मिळून जे मूल्य होते त्यावर ते आकारले जाते. मात्र याच नियमांत सामान्य ग्राहकाच्या उपयोगाची एक तरतूद आहे आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. माल विमानाने आला असेल तर वाहतुकीचा प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी मूल्यात धरायची वाहतूक ही मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. आपल्या बाबतीत ९,००० रुपयांचे २० टक्के म्हणजे १,८०० रुपये होतात, त्यामुळे आपण ३,२०० रुपये मोजले तरी शुल्कासाठी १,८०० रुपयेच धरले पाहिजेत. विम्याची रक्कम कागदावर वेगळी दाखवलेली नसेल तर मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे आपल्या मालावर सुमारे १०१ रुपये धरले जातात. अशा रीतीने शुल्कपात्र मूल्य १०,९०१ रुपये ठरते.

आता या मूल्यावर तीन थर चढतात. पहिला थर मूळ सीमाशुल्काचा असतो. दुसरा समाजकल्याण अधिभाराचा. तो २०१८ च्या अर्थसंकल्पापासून लागू झाला असून मूळ सीमाशुल्काच्या १० टक्के असतो, मालाच्या किमतीच्या नव्हे. तिसरा थर एकात्मिक वस्तू व सेवा कराचा, म्हणजे आयजीएसटीचा असतो आणि तो मूल्य अधिक पहिले दोन थर या बेरजेवर लागतो. उदाहरणादाखल मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू या. मूळ शुल्क १,०९० रुपये, अधिभार १०९ रुपये आणि १२,१०० रुपयांच्या बेरजेवर आयजीएसटी २,१७८ रुपये, म्हणजे एकूण ३,३७७ रुपये. टक्केवारीत सांगायचे तर १० आणि १८ यांची बेरीज २८ न होता ती ३०.९८ होते, कारण करावरही कर चढतो. आपण वाचलेले ४२ टक्के याच सूत्रातून आलेले आहेत: मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के धरले की ४२.०८ टक्के येतात. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश वस्तूंसाठी २८ टक्क्यांचा टप्पाच राहिलेला नाही, त्यामुळे त्यापूर्वीच्या चर्चांमधील आकडे आज जसेच्या तसे वापरू नयेत. मूळ शुल्काचा दरही अर्थसंकल्पात बदलू शकतो. तो सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर त्या त्या वेळी पाहून घ्यावा.

दर कोणता लागेल हे वस्तू कोणत्या शीर्षकाखाली, म्हणजे सीमाशुल्काच्या वस्तुसूचीतील कोणत्या क्रमांकाखाली, नोंदवली जाते यावर ठरते, आणि आपल्या पार्सलात खरा फरक इथेच पडू शकतो. वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने वा विमानाने येणाऱ्या वस्तूंना ९८०४ हे एक सरसकट शीर्षक आहे. अनेक पार्सले त्याखाली जातात, तर काही पार्सलांतील वस्तू त्यांच्या स्वतःच्या शीर्षकाखाली नोंदवल्या जातात. रिफ्रॅक्टोमीटर ९०२७ या शीर्षकात येतो. एका हाताने चालवायची छाटणीची कात्री ८२०१ मध्ये येते आणि शेतीच्या हातअवजारांवर जीएसटी शून्य असल्याने तिच्यावर आयजीएसटी लागत नाही. तीच कात्री साधी कात्री म्हणून ८२१३ मध्ये टाकली गेली किंवा सरसकट शीर्षकात गेली तर मात्र पूर्ण कर लागतो. आपल्या २,५०० रुपयांच्या कात्र्यांचे शुल्कपात्र मूल्य वरील रीतीने ३,०२८ रुपये होते. त्यावर ३०.९८ टक्क्यांनी ९३८ रुपये लागतील आणि मूळ शुल्क तेवढेच ठेवून आयजीएसटी वगळला तर केवळ ३३३ रुपये. म्हणून बीजकावर नुसते "कात्री" न लिहिता तिचा खरा उपयोग, म्हणजे द्राक्षवेलीच्या छाटणी-विरळणीचे हातअवजार, असे स्पष्ट वर्णन आणि दोन्ही वस्तूंच्या किमती वेगवेगळ्या लिहाव्यात, अशी विनंती विक्रेत्याला अवश्य करावी. विरळणीची कात्री कोणत्या शीर्षकात बसते हे अखेर अधिकारी ठरवतात. तरी वर्णनच नसेल तर त्यांच्यापुढे विचार करायला काही राहत नाही.

ठरावीक रकमेच्या आत करमाफी असते, ही माहिती इतर देशांची आहे. परदेशी विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर ब्रिटनमधील १३५ पौंडांसारख्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि त्या वाचून आपल्याकडेही तसेच असेल असा समज होतो. परदेशातून खरेदी केलेल्या वस्तूंसाठी भारतात अशी सर्वसाधारण माफीची मर्यादा नाही.

भेटवस्तूचा मार्ग कृपया स्वीकारू नये. परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंना पूर्वी काही रकमेपर्यंत शुल्कमाफी होती. ती डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, आणि राख्या व जीवरक्षक औषधे एवढ्यांनाच सवलत उरली. म्हणजे त्या शब्दाने एक रुपयाही वाचत नाही. उलट पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला भेट म्हणणे ही खोटी घोषणा ठरते आणि कलम १११ नुसार माल जप्त होऊ शकतो. शिवाय किंमत कमी दाखवलेले पार्सल वाटेत गहाळ झाले तर भरपाईही त्या कमी किमतीएवढीच मिळते.

उत्तर २ — निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका, कॉलेज रोड

वरील उत्तरात कराचा भाग इतका नीट आला आहे की मी त्यात भर घालणार नाही. कराशिवाय जे खर्च होतात आणि जे कोणत्याही पानावर एकत्र लिहिलेले नसतात, त्यांविषयी मात्र लिहिते. प्रयोगशाळेसाठी आणि स्वतःसाठी काचसामान, लहान उपकरणे व पुस्तके बाहेरून मागवण्याचा मला बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

पहिला खर्च बँकेचा. परकीय चलनात कार्डाने पैसे भरले की बँक विनिमय दरावर साधारण २ ते ३.५ टक्के अधिक घेते आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावते. आपण १२,२०० रुपये भरणार असाल तर ३.५ टक्क्यांनी ४२७ रुपये आणि त्यावर सुमारे ७७ रुपये, म्हणजे पाचशेच्या वर रक्कम महिनाअखेरीच्या हिशेबात अचानक दिसते. दुसरा खर्च कुरिअर कंपनीचा. ती आपल्या वतीने सीमाशुल्क आधी भरते आणि त्या सोयीबद्दल स्वतंत्र आकार घेते, त्यावरही १८ टक्के जीएसटी असतो. हा आकार बऱ्याचदा किमान रकमेचा असल्यामुळे पाचशे रुपयांच्या वस्तूवरही तेवढाच बसतो, आणि माझ्या मते लहान खरेदी बाहेरून करू नये याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर हा आकार शोधला तर सापडतो. मागणी नोंदवण्यापूर्वी तो पाहावा.

पोस्टाने पाठवणी बहुधा स्वस्त पडते आणि सीमाशुल्क भरून घेण्यासाठीचा पोस्टाचा आकारही किरकोळ असतो. आपल्याकडची पार्सले सहसा मुंबईच्या विदेश टपाल व्यवस्थेतून जातात आणि शुल्काची रक्कम पार्सल घरी येते तेव्हा पोस्टमनकडे भरायची असते. वेळ मात्र अनिश्चित राहतो. दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे अशा रचनेचा क्रमांक मिळाला असेल तर पार्सल कुठपर्यंत आले ते आपल्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. असा क्रमांक न देणाऱ्या स्वस्त पाठवणीच्या वाटेला मी जात नाही. विरळणीचे दिवस ठरलेले असतात, तेव्हा कात्र्या याच हंगामात वापरायच्या असतील तर पोस्टावर अवलंबून राहू नये. पुढच्या हंगामासाठी असतील तर पोस्ट उत्तम.

छापील पुस्तकांवर आयजीएसटी नसतो आणि २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के मूळ शुल्क आहे. आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नसला तरी द्राक्षशेतीवरची पुस्तके त्याच खोक्यात मागवण्याचा विचार असेल तर बीजकावर त्यांची किंमत वेगळी लिहून घ्यावी.

आता एक स्पष्ट मत मांडते. माल ९,०००, पाठवणी ३,२००, कर ३,३७७ आणि बँकेचे ५०४ मिळून १६,००० रुपयांच्या वर जातात आणि कुरिअरचा आकार अजून यायचा आहे. त्यातील कात्र्यांसाठी मी बाहेर जाईन, कारण तशी पाती इथे सहज मिळत नाहीत. रिफ्रॅक्टोमीटरबाबत मात्र आपण आधी नाशिकमधील प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत आणि कृषी सेवा केंद्रांत चौकशी करावी. उपकरणाचे शून्य वाचन बिघडले, प्रिझमला ओरखडा पडला किंवा बॅटरीच्या कप्प्यात पाणी गेले तर ते परत जपानला पाठवणे परवडत नाही. सदोष माल परत पाठवल्यास शुल्काचा परतावा मिळण्याची तरतूद कायद्याच्या कलम २६अ मध्ये आहे. पण मुदती, परत निर्यातीचे पुरावे आणि अर्ज यांचा व्याप पाहता सहा-सात हजारांच्या वस्तूसाठी तो कोणी करत नाही. विक्रेत्याने बदली वस्तू विनामूल्य पाठवली तरी तिचे मूल्य शून्य मानले जात नाही आणि तिच्यावर पुन्हा शुल्क लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

पुन्हा प्रश्नकर्ता

ताई, आपले आणि अंबडच्या भाऊंचे मनापासून आभार. रिफ्रॅक्टोमीटरची चौकशी मी येथे करतो. परंतु आमच्या शिवारातील इतर बागायतदारांना हे समजल्यावर त्यांनीही कात्र्यांची मागणी केली असून एकूण संख्या वीसपर्यंत जाईल असे दिसते. माझ्याच नावावर एकत्र मागवल्यास पाठवणीचा खर्च वाटला जाईल. एकाने जपानी जातीच्या द्राक्षाच्या चार कलमकाड्याही त्याच खोक्यात मागवता येतील का, असे विचारले आहे. जपानशी आपला व्यापार करार असल्यामुळे शुल्क कमी होते, असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर ३ — शेतकरी उत्पादक कंपनीचा लेखापाल, दिंडोरी

आधी काड्यांविषयी, कारण तो विषय पैशांपुरता नाही. कृपया कोणत्याही परिस्थितीत काड्या, रोपे किंवा बियाणे त्या खोक्यात घालून घेऊ नका. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार लागवडीचे साहित्य देशात आणण्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आधी लागते, आणि द्राक्षासारख्या पिकाचे साहित्य आल्यानंतरही देखरेखीखाली वेगळे वाढवून तपासावे लागते. काडीतून विषाणू किंवा मुळांवरची कीड आली तर ती एका बागेत थांबणार नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या सगळ्या पट्ट्याचे पोट ज्या पिकावर आहे, त्याच्याशी असा धोका पत्करणे मला कोणत्याही हिशेबाने मान्य होणार नाही. काड्या सापडल्या तर त्या नष्ट केल्या जातील आणि त्यांच्याबरोबर आपल्या कात्र्यांचे पार्सलही अडकेल, ही गोष्ट वेगळीच.

वीस कात्र्यांविषयी. दोन कात्र्या स्वतःच्या बागेसाठी आल्या तर तो वैयक्तिक वापर म्हणता येतो. वीस कात्र्या एका नावावर आल्या तर अधिकाऱ्यांना त्या विक्रीसाठी वाटतील आणि मग आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी विचारला जाईल. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून मिळतो, पण एका खरेदीसाठी शेतकऱ्याने स्वतः तो काढण्यापेक्षा चांगला मार्ग आपल्या भागात उपलब्ध आहे. द्राक्ष निर्यात करणाऱ्या उत्पादक कंपन्यांकडे आणि गटांकडे आयईसी आधीपासूनच असतो. आपण ज्या कंपनीचे सभासद असाल तिच्या नावावर मागणी नोंदवावी, बीजकावर कंपनीचे नाव, आयईसी आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्यावा, आणि मग वीस काय, पन्नास कात्र्याही सरळ मार्गाने आणता येतील. अशा वेळी रीतसर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, दाखल होते, शीर्षक आपल्या बाजूने मांडता येते आणि एखाद्या वस्तूवर आयजीएसटी भरावा लागलाच तर, तिची पुढे करपात्र विक्री होणार असल्यास, कंपनीला त्याचा परतावा कराच्या हिशेबात घेता येतो. वैयक्तिक नावावर भरलेला आयजीएसटी मात्र शेतकऱ्याला परत मिळत नाही.

जपानशी झालेला आर्थिक भागीदारी करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, हे खरे आहे. तथापि सवलतीचा दर आपोआप लागत नाही. माल जपानमध्येच तयार झाल्याचे तेथील अधिकृत संस्थेचे उत्पत्ती प्रमाणपत्र सोबत असावे लागते आणि २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार आयातदारालाही त्या दाव्याच्या पुष्टीची माहिती जवळ ठेवावी लागते. किरकोळ विक्रेता दोन कात्र्यांसाठी असे प्रमाणपत्र काढून देणार नाही. कंपनीमार्फत मोठी खरेदी करायची असेल तर मात्र विचारून पाहावे, आणि "जपानी" म्हणून विकली जाणारी कात्री खरोखर जपानमध्येच बनते का, हेही त्या निमित्ताने समजेल.

उत्तर ४ — सिडको, नाशिक

एक सावधगिरीची सूचना. परदेशी मागणी नोंदवल्यावर "आपले पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या दुव्यावर लगेच पैसे भरा" असे संदेश येऊ शकतात, आणि ज्याने खरोखर काही मागवलेले असते तो सहज फसतो. संदेशातील दुव्यावर पैसे भरू नयेत. पार्सलचा क्रमांक कुरिअर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा आणि देय रक्कम तिथे दिसली तरच भरावी. सीमाशुल्क विभागाकडून येणाऱ्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. विभागाचा अधिकारी कोणाच्याही खासगी खात्यात पैसे मागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागितले जाते, ते देणे आवश्यक आहे. तेही कंपनीच्या अधिकृत पानावरच द्यावे. मागणीतील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळावे. खेड्यातील पत्त्यासाठी काही कुरिअर कंपन्या दूर अंतराचा अधिभार लावतात किंवा पार्सल शहरातून घेऊन जाण्यास सांगतात, म्हणून आपल्या पिन कोडला घरपोच सेवा आहे का ते आधी पाहावे. शहरातील नातेवाइकांचा पत्ता दिला तरी चालते, पण पार्सलवरील नाव आपलेच ठेवावे.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. काड्यांचा विषय मी त्याच दिवशी संबंधितांना समजावून बंद केला. कात्र्या आमच्या उत्पादक कंपनीच्या नावावर मागवण्याचे ठरत आहे आणि बीजकावरील वर्णन व किमती कशा लिहाव्यात हे विक्रेत्याला कळवले आहे. त्याने उत्तरादाखल पाठवणीचा नवा आकडा दिला. त्यात कात्र्यांचे वजन सव्वादोन किलो असताना आकारणी ४.८ किलोची दाखवली आहे. ही चूक समजावी का?

उत्तर १ — अंबड

चूक नाही. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० ने भागतात. विक्रेत्याने ४० गुणिले ३० गुणिले २० सेंटिमीटरचे खोके धरलेले दिसते, त्यातून नेमके ४.८ येतात. वीस कात्र्यांना एवढे खोके लागत नाही. प्रत्येक कात्रीचे वेगळे दिखाऊ वेष्टन काढून, पाती झाकून एकत्र बांधण्यास त्याला सांगा. खोके ३० गुणिले २० गुणिले १५ मध्ये बसले तर आकारमानाचे वजन १.८ किलो होईल आणि आकारणी प्रत्यक्ष सव्वादोन किलोवर येईल. नवा आकडा आला की बीजकाच्या मसुद्यासह येथे टाका, शीर्षक आणि मूल्य मी पाहून देतो.